बाईंना कुंकू कोणी लावलं?

नाशिक रोड

सांगलीला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, नाशिकला गेला होतात ना, मग त्र्यंबकेश्वर झालं का? वणीची देवी झाली का? निदान द्राक्षं तरी आणलीत? मी सांगते, काही झालं नाही आणि काही आणलं नाही. मी नामपूरला गेले होते. मग समोरच्याचा चेहरा असा पडतो, की जणू त्याचंच तिकीट मी वाया घालवलं.

नामपूर हे बागलाण तालुक्यातलं कांद्याचं मोठं गाव. तिथे माझं आता कोणी राहत नाही. पण माझ्या आजोबांची थोरली बहीण, यमुनाबाई, तिथल्या मुलींच्या शाळेची पहिली शिक्षिका होती. आमच्या घरात तिला नुसतं 'बाई' म्हणतात. लहानपणीच लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला. वडिलांनी भाऊबंदांचा रोष पत्करून तिला पुण्याला शिकायला पाठवलं आणि शिकून ती थेट नामपूरला नोकरीवर रुजू झाली. गेल्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. एकट्या बाईने भाड्याची खोली घेऊन राहायचं, शाळेत खुर्चीवर बसायचं, उन्हात छत्री उघडायची आणि पायात बूट घालायचे, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने किती गुन्हे झाले बघा. बूट कशासाठी, तर तिच्या शाळेच्या वाटेवर कोणीतरी बाभळीचे काटे पसरून ठेवायचं. बाईंनी तक्रार केली नाही, बूट शिवून घेतले.

तिचा एकच फोटो आमच्याकडे आहे. खुर्चीवर बसलेली, पायात बूट, हातात मिटलेली छत्री, कपाळ मोकळं आणि नजर सरळ समोर. ती नजर बघितली की आपण काहीतरी चुकलोय असं अजूनही वाटतं.

शाळेला शंभर वर्षं होणार म्हणून तिथल्या मुख्याध्यापिका शोभा मॅडम यांनी माझ्या चुलतभावाकडून माझा नंबर मिळवला. फोटो मागवला, मी मोबाइलवर पाठवला. तो मोठा करून मुलींच्या वर्गात लावायचा होता आणि पडदा मीच सारावा असा त्यांचा आग्रह होता. मला हरखून गेल्यासारखं झालं. माझी अपेक्षा एवढीच होती, की बाई जशी होती तशी त्या भिंतीवर दिसावी. यात अवघड काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

वाटेत नाशिक रोडला नणंदेकडे, कुमुदकडे, एक रात्र उतरले. तिचे यजमान नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेत आणि आता घरात चहाच्या कपांची शिस्त बघतात. सकाळी त्यांनी हौसेने मिसळ आणली. नाशिककर मिसळीबरोबर पापड देतात आणि वर दही घालतात. मिसळीत दही! आमच्या सांगली-कोल्हापूरकडे असं केलं तर लोक तब्येतीची चौकशी करतील. पण चांगली होती, दोनदा रस्सा घेतला, हे इथे कबूल करते.

निघताना कुमुदने टिकल्यांचं पाकीट माझ्या पर्समध्ये सरकवलं. "वहिनी, गावात जाताय, चारचौघांत मोकळं कपाळ बरं दिसत नाही. हल्ली सगळ्या लावतात, कोणी काही म्हणत नाही."

माझा पारा चढला. या टिकलीने माझा उभा जन्म खाल्लाय. मला डिंकाने पुरळ उठतं, म्हणून नवरा होता तेव्हाही मी टिकली लावत नव्हते. तेव्हा हीच कुमुद म्हणायची, "वहिनी, तो धडधाकट आहे ना, मग असं काय फिरता?" आता तो गेल्याला चार वर्षं झाली, तर तीच म्हणते लावा. तेव्हा त्याच्यासाठी लावायची होती, आता चारचौघांसाठी. माझ्या पुरळाचा विचार कोणीच करत नाही. मी पाकीट तिच्या फ्रिजवर ठेवलं आणि रिक्षात बसले.

नामपूर

प्रवासाचं काय सांगू? एसटी आली, मी बसले, अंग खिळखिळं झालं, मी उतरले. बागलाणचा मुलूख मात्र डोळ्यांत भरतो. लांबवर सरळ तुटलेले डोंगर आणि खाली हिरवीगार कांद्याची रानं. नामपुरात शिरताना ट्रॅक्टरच्या रांगेत आमची बस अडकली. कांद्याचा लिलाव होता. सगळ्या गावाला कांद्याचा वास आणि सगळ्यांच्या तोंडी भाव. माझ्या शेजारच्या बाईने मला भाव विचारला. मी म्हटलं, मी सांगलीची. ती म्हणाली, "मग तिकडं काय भाव हाय?"

स्टँडवर शोभा मॅडम स्कूटी घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या, चटपटीत, कपाळावर ठसठशीत लाल टिकली, गळ्यात बारीक मंगळसूत्र. मूळ नांदगावच्या, बदली होऊन इकडे आलेल्या. नवरा सुरतेला कापडाच्या व्यवसायात असतो, सणासुदीलाही क्वचितच येतो, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. मला त्या लगेच आवडल्या. दुसऱ्याच गल्लीत मी त्यांना 'अगं शोभा' म्हणायला लागले आणि त्या मला ताई.

माझी उतरायची सोय सरपंचांकडे होती. दारात एक उंचपुरे, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ हात जोडून उभे. "या ताई, या. मी भाऊसाहेब, इथला सरपंच."

मी म्हटलं, "वा. शोभा म्हणत होती सरपंच बाई आहेत."

"त्या मंगलाताई. आमच्या मिसेस." त्यांनी आत हात केला. "कागदावर त्या हायेत, कामाला मी हाय."

आतून मंगलाताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, हसल्या आणि परत आत गेल्या. बैठकीच्या खोलीत एकच ऐसपैस खुर्ची होती, मागच्या भिंतीवर मंगलाताईंचा हार घातलेला निवडून आल्याचा फोटो, आणि त्या फोटोखाली खुर्चीत भाऊसाहेब. मी इतक्या लांबून शंभर वर्षांपूर्वीची बाई बघायला आले होते, त्यामुळे आजच्या बाईबद्दल पहिल्याच दिवशी भांडण नको म्हणून चहा प्यायले. चहा गोड होता. इकडे साखर हात राखून घालत नाहीत.

जेवायला खापरावरचे मांडे केले होते. आमच्याकडच्या पुरणपोळीच्या तिप्पट मोठे आणि रुमालासारखे पातळ. मंगलाताई दोन्ही कोपरांवर पीठ फिरवून फिरवून मांडा मोठा करत होत्या आणि उलट्या खापरावर अलगद टाकत होत्या. मी उठून बघत राहिले. बरोबर मसालेदार सार. मी दोन मांडे खाल्ले आणि पुढचा अर्धा तास मला कशाचाच राग आला नाही.

भाऊसाहेबांची आई, घरात सगळे तिला आजी म्हणतात, माझ्यासमोर पाट ओढून बसली. ऐंशीच्या पुढची, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. ती अहिराणीच बोलते.

"येकलीच उनी का वं माय? तुना मालक कोठे शे?"

"ते गेले, आजी. चार वर्षं झाली."

तिने माझ्या कपाळाकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि माझ्या पानात तुपाची धार सोडली. "खाय, खाय. कितली लांबथून उनी." एवढ्यावर विषय संपला. कुमुदपेक्षा ही बाई मला शहाणी वाटली.

संध्याकाळी शोभाबरोबर गाव बघायला बाहेर पडले आणि चौकात माझे पाय थबकले.

चौकात दोन मजली उंचीचा फ्लेक्स होता. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, सगळे पुरुष, निम्मे गॉगल लावलेले. मध्ये भाऊसाहेब, त्यांच्या बाजूला छोट्या गोलात मंगलाताई. आणि सगळ्यांच्या वर एक बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात घसघशीत मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, डोक्यावर पदर. पाय अनवाणी. हातात पूजेचं ताट. मागे सूर्यकिरणं. मला वाटलं कुठल्या देवीची जत्रा आहे. मग खालचं नाव वाचलं. 'सौ. यमुनाबाई.'

"सौ.?" माझा आवाज एवढा चढला की पानटपरीवरची माणसं वळली. "अगं, ही कोण आहे?"

शोभा म्हणाली, "ताई, तुम्ही शांत व्हा आधी."

हे वाक्य मला ज्यांनी ज्यांनी म्हटलंय त्यांना पश्चात्ताप झालाय. मी नीट बघितलं. डोळे बाईंचेच होते. तीच सरळ नजर, पण आता ती पूजेच्या ताटावरून बघत होती. ज्या ज्या गोष्टीसाठी बाईंनी लोकांचे शब्द झेलले, ती प्रत्येक गोष्ट वेचून वेचून काढून टाकली होती. वाटेत काटे टाकणाऱ्यांनाही एवढं नीट जमलं नव्हतं.

"हे कोणी केलं?"

"स्टुडिओवाल्यानं," शोभा इकडेतिकडे बघत म्हणाली. "चला ताई, चहा घेऊ."

मी चहा घेतला नाही. मी स्टुडिओ कुठे आहे ते पानवाल्याला विचारलं.

स्टुडिओ म्हणजे बाजारपेठेतली एक खोली. एका भिंतीवर धबधब्याचा पडदा, दुसरीकडे कॉम्प्युटर. स्टुडिओवाला पोट सुटलेला, हसतमुख माणूस. मी कोण ते कळल्यावर त्याने उठून खुर्ची दिली आणि मोठ्या अभिमानाने दुसरा फोटो दाखवला. तो शाळेत लावायचा, चौकटीत बसवलेला. तोच अवतार.

"लय मेहनत घेतली, ताई. जुना फोटो पार खराब होता. कलर केला, कपडे बदलले."

"बूट कुठे गेले?"

तो गोंधळला. "ताई, फोटोला हार घालायचा, उदबत्ती लावायची. देवासमान माणूस. बूट घालून कसं बसवायचं? लोक पाया पडणार तिथं."

"छत्री?"

"काळी होती. बरं दिसत नव्हतं. मंगल कार्य हाय."

"आणि पूजेचं ताट?"

"हात मोकळा राहत होता ना, छत्री काढल्यावर."

या माणसाशी भांडताही येईना. त्याच्या मनात तसूभर वाईट नव्हतं. बाईंचा मान ठेवायचा म्हणून तो एकेक वस्तू काढत गेला आणि शेवटी बाईच उरली नाही. आमच्याकडे भिंतीवर गेलं की माणसाचं असंच होतं. देव करून टाकायचं, म्हणजे मग त्याचं काही ऐकावं लागत नाही.

"बरं. आणि हे कुंकू? हे मंगळसूत्र? बाई विधवा होती हो! तोच तर सगळा मुद्दा आहे. ती विधवा असून शिकली, विधवा असून एकटी राहिली. तुम्ही तिचं परस्पर लग्न लावून मोकळे झालात!"

आता तो खरोखर दुखावला. "ते मी मनानं नाय केलं, ताई. बूट, छत्री माझी चूक मानतो. पण कुंकू आन् मंगळसूत्र मॅडमनी सांगितलं. मॅडम, तुम्हीच म्हनलात ना?"

मी शोभाकडे वळले. ती धबधब्याच्या पडद्याकडे बघत होती.

शाळेच्या आवारात, बंद वर्गाच्या पायरीवर आम्ही बसलो. समोर मांडव घालून झाला होता. मी गप्प राहायचं ठरवलं होतं, ते पायरीवर टेकेपर्यंत टिकलं.

"तुला ती विधवा होती हे माहीत होतं. मीच सांगितलं होतं फोनवर. मग?"

शोभाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "ताई, माझे मिस्टर सुरतेला नाहीत."

मला वाटलं घटस्फोटाची गोष्ट निघणार.

"मोटारसायकलच्या अपघातात गेले. नांदगावला असतानाच. तेव्हाच्या शाळेत मी काही लावायचं बंद केलं होतं. मला वाटलं, शिक्षिका आहे, कोण काय बोलणार? कोणी काही बोललं नाही, खरंच नाही. पण संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू होतं, ते ताट माझ्यासमोरून वळून पुढे गेलं. जूनमध्ये पहिलीच्या मुलांचं पाटीपूजन होतं. मी एका पोरीचा हात धरला गिरवायला, तर तिच्या आईने हळूच तिला ओढून दुसऱ्या मॅडमकडे नेलं. हसून नेलं, ताई. मला राग पण दाखवता आला नाही. मग इकडे बदली मागितली, बसमधून उतरायच्या आधी टिकली लावली, आणि नवरा सुरतेला पाठवला."

तिने मागच्या बंद वर्गाकडे बोट केलं आणि म्हणाली, "इथे सगळ्या पोरी माझ्या हाताने पाटी गिरवतात. पहिलीला आलेली एकही पोर मागे ओढली जात नाही. बाईंचा फोटो त्यांच्या वर्गात लागणार, रोज त्याला फूल वाहणार. कपाळ मोकळं ठेवलं असतं तर आया म्हणाल्या असत्या, पोरींसमोर हे कशाला? कुंकू लावलं म्हणून बाई भिंतीवर चढल्या."

मी चिडलेली होतेच, आता कोणावर चिडायचं ते कळेना, त्यामुळे सगळ्यांवर चिडले. "शंभर वर्षांपूर्वी ती बाई मोकळ्या कपाळाने याच गावात फिरली. तेव्हा काटे होते वाटेवर! आणि तू आता, हातात मोबाइल, बुडाखाली स्कूटी..."

"त्यांच्या वाटेत काटे टाकणारे दिसायचे तरी," ती म्हणाली. "ताई, तुम्ही उद्या भाषण करून सांगलीला जाल. मला सोमवारी शाळा उघडायचीय."

तिचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की मला आणखीनच राग येतो. तिचं गुपित मी कोणाला सांगणार नाही, असं वचन दिलं. बाईंबद्दल मात्र गप्प बसणार नाही, असंही सांगितलं. ती म्हणाली, "तुमची मर्जी." मग दोघी स्कूटीवरून परत आलो. तिने मला खड्ड्यांतून मुद्दाम आदळत नेलं असा माझा संशय आहे.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळच्या कार्यक्रमाला पाहुणे दुपारी आले. तोपर्यंत माइकवर एक जण 'हॅलो, हॅलो, चेक' एवढंच भाषण करत होता. पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली सतरंजीवर. मुलींच्या शाळेची शंभरी, आणि मंचावर अकरा पुरुष. मंगलाताईंची खुर्ची अगदी टोकाला, अर्धी मंचावर, अर्धी हवेत. मी मध्ये, फेटा बांधलेल्या अवस्थेत. फेट्याला मी नको म्हणत होते, पण ऐकतो कोण?

सत्कार सुरू झाले. इकडे पाहुणा गावाचा सत्कार करत नाही, एवढीच काय ती कसर. शाल देणाऱ्यालाही नंतर कोणीतरी शाल देतं. भाऊसाहेबांनी स्त्री-शक्तीवर भाषण केलं आणि बायकांना दोनदा गप्प बसायला सांगितलं. शोभा खाली मुलींच्या रांगेशी उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मग मी वर्गात जाऊन पडदा सारला. टाळ्या वाजल्या. चौकटीतून ती रंगवलेली सवाष्ण माझ्याकडे बघत होती. मी बाहेर येऊन माइक हातात घेतला आणि ठरवलेली सगळी आभाराची वाक्यं विसरले.

मी म्हटलं, "आत जो फोटो आहे तो बाईंचा नाही. डोळे तेवढे तिचे आहेत. ती विधवा होती. ती कुंकू लावत नव्हती, तिच्या गळ्यात काही नव्हतं, आणि तिच्या पायात बूट होते. तुमच्या गावाने तिच्या वाटेत काटे टाकले आणि तुमच्याच गावाच्या पोरी तिने शिकवल्या. तिला तुम्ही आता देवी केलीत. मला तुमची देवी नको, माझी बाई परत द्या."

भाऊसाहेब लगबगीने उठले, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "ताई भावुक झाल्या. साहजिक हाय. आता यानंतर चहापान..."

"खरं शे!"

हा आवाज सतरंजीवरून आला. आजी दोन्ही हात टेकून उठत होती.

"खरं शे तिनं. मनी माय बाईनी शायामा शिकेल व्हती. ती सांगे, बाईना कपायवर काही नव्हतं. पायमा बूट व्हतात. बूट वाजनात का पोरी चूप बठेत." ती मुलाकडे वळली. "तू काबर मधमा बोलस? बठ खाले!"

भाऊसाहेब बसले. तिची आई बाईंच्या शाळेत शिकलेली होती! मी त्या क्षणी त्या म्हातारीच्या पाया पडायला तयार होते. सतरंजीवर कुजबुज सुरू झाली, मग आणखी एक म्हातारी म्हणाली की तिच्या सासूनेही हेच सांगितलं होतं. आणि टोकाच्या खुर्चीवरून मंगलाताई उठल्या. त्यांनी माइक घेतलाच नाही. त्या सरळ स्टुडिओवाल्याला म्हणाल्या, "जसा व्हता तसा काढून दे फोटो. बुटासकट. उद्या सकाळी हा उतरवायचा."

"बघू, बघू," भाऊसाहेब म्हणाले.

"बघू नाही. सही माझी लागती," मंगलाताई म्हणाल्या आणि खाली बसल्या. बसताना मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली.

मी जिंकले होते. पण शोभाकडे बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि माझा सगळा आनंद तिथेच विरला. बाई आता मोकळ्या कपाळाने भिंतीवर बसणार, आणि तिच्याखाली उभं राहून ही रोज टिकली सावरणार.

निघायच्या आधी मंगलाताईंनी मला आणि शोभाला आत बोलावलं. पाटावर बसवून ओटी भरायला घेतली. खण, नारळ, गहू. शोभाची भरली, तिला हळदकुंकू लावलं. ती रिकामा तांब्या ठेवायला मागल्या दारी गेली, तशी मी घाईने म्हटलं, "माझी नको. माझे मिस्टर नाहीत, आजींना माहीत आहे."

"माहीत शे," आजी म्हणाली. "तुनी बी भरस, मॅडमनी बी भरस."

"मॅडमचं काय?" मी सावधपणे विचारलं.

आजीने आवाज खाली केला. "तिना बी मालक मरी गया ना. मनी भाची नांदगावले दियेल शे. ती उनी तवयपासून सर्वास्ले माहीत शे. तिले सांगू नको हां माय. लाजी जाई."

मी मान हलवली आणि मंगलाताईंकडे बघितलं. त्या माझ्या ओटीत गहू घालत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "त्यांना बरं वाटतं ना तसं. मग आपन कशाला बोलायचं?"

सबंध गावातल्या बायकांना माहीत. दर संक्रांतीला शोभाला बोलावतात, माहीत असून तिच्या कपाळाला कुंकू लावतात, माहीत असून आपल्या पोरींचा हात तिच्या हातात देतात. जे करायला नांदगावकडच्या शाळेत एकीलाही जमलं नव्हतं, ते इथे सगळ्याजणी वर्षानुवर्षं करतायत. आणि एकीनेही तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही! ही घाबरून लपवते, त्या मायेने झाकतात, आणि मध्ये ती टिकली दोन्हीकडून जपली जाते. मला त्या स्वयंपाकघरात मोठ्याने ओरडावंसं वाटलं. मला 'सांगू नको' असं दुसऱ्यांदा सांगितलं गेलं होतं, दोन दिवसांत, एकाच गोष्टीबद्दल, दोन्ही बाजूंनी.

पहिलं वचन मी पाळलं. दुसरं मी दिलंच नव्हतं, नुसती मान हलवली होती.

स्टँडवर बस लागलेली होती. शोभाने माझी पिशवी आत चढवली, मला खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिली. "ताई, तुम्ही कोणाला बोलला नाहीत ना माझं?"

"मी नाही बोलले. गरजच नव्हती. सगळ्यांना माहीत आहे."

ती हसली. तिला वाटलं मी अजून रागात आहे.

"शोभा, खरंच सांगते. आजीची भाची नांदगावला दिलीय. तू आलीस तेव्हापासून माहीत आहे. आजीला, मंगलाताईंना, सगळ्यांना."

"म्हणजे... संक्रांतीला बोलावतात ते?"

"माहीत असून."

तिचा हात खिडकीच्या गजावर होता, तो तिने घट्ट धरला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि सगळ्या काचा थरथरायला लागल्या.

"मंगलाताईंनापण?" तिने विचारलं. "ताई, दर दिवाळीला मी इथल्याच दुकानातून मिस्टरांसाठी शर्ट घेते, लोकांना खरं वाटावं म्हणून. मंगलाताई येतात माझ्याबरोबर. मागच्या वर्षी मी पांढरा घेत होते. तो त्यांनी परत ठेवला, निळा काढला आणि म्हणाल्या, हा घ्या, हा त्यांना शोभेल."